सेकंडहँड डेस्कटॉपचा आवाज जातो कुठे?

प्रश्न: मी ऐरोलीला राहते. सासऱ्यांना कीर्तनं ऐकायला आणि मुलाच्या ऑनलाइन क्लाससाठी ठाण्यातल्या एका दुकानातून सेकंडहँड डेल ऑप्टिप्लेक्स घेतला. आय-५, चौथी जनरेशन. दुकानात यूट्यूब लावून दाखवलं तेव्हा आवाज व्यवस्थित होता. घरी आणून आमच्या जुन्या मॉनिटरला जोडला तर काहीच ऐकू येत नाही. खाली कोपऱ्यात स्पीकरच्या चित्रावर फुली नाही, आवाज १०० वर आहे. दुकानदार म्हणतो ड्रायव्हर टाका. भाच्याने अख्खं विंडोज नव्याने टाकून दिलं, तरी तेच. मदरबोर्ड गेला असेल का?

उत्तर:

ताई, मदरबोर्डचं नाव इतक्यात काढू नका. तुम्ही लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे. स्पीकरच्या चित्रावर फुली नाही, म्हणजे विंडोजच्या समजुतीने आवाज बाहेर पडायला एक वाट उघडी आहे आणि तो त्या वाटेने चाललाय. दुकानात आवाज होता, घरी नाही, आणि मधल्या मध्ये बदलला तो मॉनिटर. आता जे लिहिलं नाहीत ते विचारतो: स्पीकर कुठला लावलाय? सबंध प्रश्नात स्पीकरचा उल्लेख नाही.

दुकानात टेबलावर जो मॉनिटर ठेवलेला असतो त्याच्या पोटातच पुष्कळदा स्पीकर असतात. कॅबिनेट त्याला डिस्प्लेपोर्ट नाहीतर एचडीएमआय केबलने जोडलेलं असतं आणि या दोन्ही केबलींतून चित्राबरोबर आवाजही जातो. गिऱ्हाइकाला वाटतं आवाज कॅबिनेटमधून आला. घरचा जुना मॉनिटर बहुधा व्हीजीएवर असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली, पंधरा पिनांची, निळ्या तोंडाची केबल. व्हीजीएमधून फक्त चित्र जातं. आवाजासाठी त्यात तारच नसते, त्यामुळे कितीही ड्रायव्हर (विंडोजला साउंडची चिप चालवायला शिकवणारे छोटे प्रोग्राम) टाकले तरी त्या वाटेने आवाज यायचा नाही. कॅबिनेटच्या डिस्प्लेपोर्टला व्हीजीएचा साधा कन्व्हर्टर लावून मॉनिटर जोडला असेल तरी हीच गत. तुमचं असंच असेल तर मशीन ठणठणीत आहे. एक साधा स्पीकर आणा आणि मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा, काम झालं. या डेलपैकी काहींच्या आत एक बारका स्पीकर बसवलेला असतो, पण तो असेलच असं नाही, आणि असला तरी त्यावर कीर्तन ऐकण्यात राम नाही.

स्पीकर लावूनही आवाज नसेल तर पुढे वाचा. इथून प्रकरण थोडं लांबतं.

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट या पट्ट्यातल्या कंपन्या जुनी मशिनं बदलतात तेव्हा ती लॉटमध्ये निघतात आणि ठाणे-वाशीच्या दुकानांत येतात. अशा मशिनवर आवाजाची तक्रार आली की मला सहसा दोनच गोष्टी सापडतात: आवाज भलतीकडे पाठवला जातोय, किंवा ऑफिसने तो मुद्दाम बंद करून ठेवलाय. खरोखर जळालेलं साउंड सर्किट क्वचित हाताला लागतं. म्हणून ‘ड्रायव्हर टाका’ हे उत्तर मी सगळ्यात शेवटी ठेवतो. दुकानदार ते सगळ्यात आधी सांगतात, कारण त्याने गिऱ्हाईक आठवडाभर घरीच गुंतून राहतं.

पहिलं काम. कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून धरून आर दाबा. छोटी खिडकी येईल, तिच्यात इंग्रजीत एम, एम, एस, वाय, एस, टिंब, सी, पी, एल ही अक्षरं सलग टाइप करून एंटर मारा. विंडोज १० असो वा ११, साउंडची जुनी चौकट उघडते आणि मला तीच नव्या सेटिंगपेक्षा जास्त पटते. तिच्यात ‘प्लेबॅक’खाली आवाज बाहेर टाकणाऱ्या सगळ्या वाटा दिसतात. रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हाइसेस’वर खूण करा, म्हणजे बंद करून ठेवलेल्याही समोर येतील. आता यूट्यूबवर काहीतरी चालू ठेवा आणि या यादीकडे बघत बसा. प्रत्येक नावापुढे उभी पट्टी असते. ज्या वाटेने आवाज चाललाय तिथली पट्टी हिरवी होऊन वरखाली नाचायला लागते.

ही हिरवी पट्टी म्हणजे अख्ख्या तपासातली सगळ्यात कामाची खूण. ‘स्पीकर्स’ आणि खाली ‘रिअलटेक’ किंवा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असं लिहिलंय तिथे ती नाचत असेल, तर विंडोज, ड्रायव्हर, यूट्यूब सगळे आपापलं काम करतायत. मग दोष जॅकपासून पुढे शोधायचा: पिन, वायर, स्पीकर. पट्टी भलत्याच नावापुढे नाचत असेल, समजा मॉनिटरच्या नावापुढे किंवा ‘इंटेल डिस्प्ले ऑडिओ’पुढे, तर आवाज मॉनिटरला जातोय. हे डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआयवर फार होतं. मॉनिटरला स्पीकर नसले तरी मागे हेडफोनचं भोक असलं की तो कॅबिनेटला कळवतो, ‘मी आवाज घेतो’, आणि विंडोज त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतं. स्पीकरवाल्या ओळीवर क्लिक करून खालचं ‘सेट डिफॉल्ट’ दाबलं की प्रश्न मिटतो. पाहिजे तर स्पीकरची पिन मॉनिटरच्या मागच्या भोकात लावा, तिथूनही आवाज येईल.

पट्टी कुठेच हलत नसेल तर आवाज निघतच नाहीये. ब्राउझरच्या टॅबवर राइट क्लिक करून तो म्यूट आहे का बघा. मग खालच्या स्पीकरच्या चित्रावर राइट क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडा, तिथे त्या एकाच प्रोग्रामचा आवाज शून्यावर आणलेला सापडू शकतो. ऑफिसच्या मशिनला घरून रिमोट डेस्कटॉपने जोडणाऱ्यांनी त्याची सेटिंग बघावी, आवाज तिकडेच ठेवायचा की इकडे आणायचा हे तिथे ठरतं. ब्लूटूथचा स्पीकर किंवा डोंगल लावून काढलेला असेल तर तोही या यादीत डोकावून जातो.

आता स्पीकर. स्वस्तातल्या जोडीला दोन वायरी असतात, एक यूएसबी आणि एक गोल पिन. यूएसबीतून त्यांना फक्त वीज मिळते, आवाज गोल पिनेतून येतो. यूएसबी खोचली, दिवा लागला, म्हणजे जोडणी झाली असं समजून गोल पिन टेबलामागे लोंबकळत ठेवणारे मी इतके पाहिलेत की आता हसूही येत नाही. एकच यूएसबी वायर असलेले स्पीकरही मिळतात, त्यांच्या आत स्वतःचं साउंड कार्ड असतं आणि वरच्या यादीत ते वेगळ्या नावाने येतात. वूफरवाला सेट असेल तर त्याची गोल कळ वूफरच्या बाजूला किंवा मागे असते आणि हमखास शून्यावर असते. स्पीकर आधी जुन्या मोबाइलला किंवा टीव्हीच्या हेडफोन जॅकला लावून वाजवून घ्या. हे केल्याशिवाय कॅबिनेटच्या मागे वाकू नका.

कॅबिनेटच्या मागे गोल भोकं असतात. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं. काही मशिनवर रंगच नसतात, बारीक चित्रं कोरलेली असतात. तिथे टॉर्च मारून बघा, अंदाजाने खोचू नका. पिन टक् असा खटका लागेपर्यंत आत गेली पाहिजे. कधी गिऱ्हाईक सांगतं, ‘गाण्यातला तबला-पेटी ऐकू येते, गायकच गायब आहे.’ ऐकणाऱ्याला वाटतं थट्टा चाललीय, पण याचं कारण सरळ आहे. पिन अर्धवट बसली किंवा वायरीतली अर्थिंगची तार तुटली की डाव्या आणि उजव्या बाजूच्या आवाजातला फक्त फरक स्पीकरला मिळतो. रेकॉर्डिंगमध्ये गायक मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच, म्हणून वजाबाकीत तोच उडतो. सासरे म्हणाले की मृदंग वाजतोय आणि बुवांचा आवाज खोल विहिरीतून येतोय, तर पिन दाबून बघा, नाहीतर वायर बदला.

जॅकची आणखी एक भानगड. पुढच्या भोकात हेडफोन घातला की कित्येक मशिनं मागच्या स्पीकरचा आवाज बंद करतात. पिन आत आलीय हे कळायला भोकात एक बारीक पत्री असते. ती वाकली, तिच्यात कचरा अडकला, की मशीनला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे. नौपाड्यातल्या एका शिकवणीवर्गाचं मशीन माझ्याकडे आलं होतं. बाहेरून काहीच लावलेलं नाही, तरी प्लेबॅकच्या यादीत हेडफोनपुढे पट्टी नाचत होती. पुढच्या भोकात टॉर्च मारला तर तळाशी सोनेरी ठिपका चमकला. कुणाच्या तरी हेडफोनच्या पिनेचं टोक मोडून आतच राहिलं होतं. पुढचं पॅनेल सोडवून मागून दाभणाने ढकललं तेव्हा ते तांदळाएवढं टोक बाहेर पडलं आणि मागचे स्पीकर तिथल्या तिथे बोलायला लागले. तुमच्या यादीतही काही न लावता ‘हेडफोन्स’ चालू दिसत असेल तर पुढच्या भोकात एकदा चांगली पिन चार-पाच वेळा घालून काढा. पत्री नुसती अडकली असेल तर तेवढ्यानेच सुटते. खाडीकाठच्या आपल्या हवेत पावसाळ्यानंतर या पत्र्यांवर हिरवट थर धरतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बारीक काडीवरचा कापूस किंचित ओला करून, मशीनची वीज काढून, आतून फिरवायचा आणि नीट वाळू द्यायचं. दाराच्या बिजागरीला मारायचा तेलाचा स्प्रे तिथे मारू नका.

आता ऑफिसचा हात. बँका, कॉल सेंटर, डेटा एंट्रीची ऑफिसं अशा ठिकाणी संगणकाला आवाज नकोच असतो. कॉल सेंटरवाल्यांचे हेडसेट तर बहुधा यूएसबीचे, त्यांना आतल्या साउंडशी कर्तव्यच नाही. म्हणून आयटीवाले बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्येच, साउंड बंद करून टाकतात. बायोसमध्ये बंद झालेली वस्तू विंडोजला दिसतच नाही. भाच्याने विंडोज शंभर वेळा टाकलं तरी तिथली सेटिंग बदलत नाही, कारण ती मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते, हार्ड डिस्कवर नसते.

ओळखायचं कसं? विंडोजच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ उलगडून बघा. तिथे रिअलटेक किंवा हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस हे नाव असेल तर बायोस ठीक आहे. ‘इंटेल डिस्प्ले ऑडिओ’ एवढी एकच ओळ असेल आणि पिवळ्या खुणेची अनोळखी ऑडिओ वस्तूही कुठे नसेल, तर संशय बायोसवर घ्या. मशीन रिस्टार्ट करा, डेलचं चिन्ह दिसताच एफ २ टिचक्या मारत राहा. डाव्या यादीत ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’, त्याखाली ‘ऑडिओ’, तिथे ‘एनेबल ऑडिओ’वर बरोबरची खूण करायची, अप्लाय, एक्झिट. खालीच माइक आणि आतल्या स्पीकरच्या वेगळ्या खुणा असतात, त्याही बघा. मुलाच्या क्लासला माइक लागणारच. एचपीची मशिनं एफ १० ला उघडतात. तिथे हे सिक्युरिटीखाली डिव्हाइस सिक्युरिटीत सापडतं आणि ‘सिस्टिम ऑडिओ’पुढे हिडन लिहिलेलं असतं, ते अव्हेलेबल करायचं. लेनोवो थिंकसेंटरला एफ १, मग डिव्हाइसेस, मग ऑडिओ सेटअप.

बायोसने पासवर्ड मागितला तर थांबा. तो जुन्या ऑफिसचा आहे, अंदाजाने चालणार नाही. ऑप्टिप्लेक्सच्या बोर्डवर पासवर्ड काढायचा एक जंपर (दोन पिनांवरची बारीक टोपी) असतो, पण हे काम दुकानदाराचं. पासवर्ड न काढता मशीन विकणं हा त्याचा आळस आहे, त्याचा वेळ जाऊ दे. घेतानाच एफ २ दाबून आत जाता येतं का बघायचं, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण रॅम किती एवढंच विचारून येतो.

ड्रायव्हर. नाव यादीत आहे पण पिवळी खूण आहे, किंवा खूण नाही आणि तरी सगळं मुकं, अशा वेळीच इकडे वळायचं. दुकानदार एका मशीनवर विंडोज बसवून त्याचीच घोस्ट कॉपी लॉटमधल्या सगळ्या मशिनवर उतरवतात. मॉडेल वेगळं निघालं की ड्रायव्हर चुकतो. काहीजण हलकं चालावं म्हणून कापलेलं ‘लाइट’ विंडोज टाकतात, त्यात विंडोज ऑडिओ आणि विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर या दोन सर्व्हिसेस चालू आहेत का हे सर्व्हिसेसमध्ये जाऊन बघावं लागतं. दोन्ही ‘ऑटोमॅटिक’वर हव्यात. तुमच्या भाच्याने मूळ विंडोज टाकलं असेल तर ही शंका तुमच्यापुरती गेली.

ड्रायव्हरसाठी कॅबिनेटवरचा सर्व्हिस टॅग बघा, सात अक्षरं-आकड्यांचा असतो. डेलच्या सपोर्टच्या पानावर तो टाकला की नेमक्या तुमच्या मशीनचा ऑडिओ ड्रायव्हर मिळतो. सगळे ड्रायव्हर एका फटक्यात टाकून देणारे फुकट प्रोग्राम घेऊ नका, त्यांच्याबरोबर काय काय आत येतं ते पुढे महिनाभर काढत बसावं लागतं. आणि रिअलटेकचा ड्रायव्हर हट्टाला पेटला तर मी मायक्रोसॉफ्टचाच साधा ड्रायव्हर लावतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ माय कॉम्प्युटर, ‘लेट मी पिक’, आणि यादीतून हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस. कीर्तन आणि क्लास यांना तो पुरून उरतो.

त्याआधी एक फुकटचा उपाय मात्र जरूर करा. मशीन बंद करा, पॉवर केबल मागून काढा, चालू करायचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा, मग केबल लावून सुरू करा. विंडोज ‘शट डाउन’ केल्यावर फास्ट स्टार्टअपमुळे पुरतं बंद होत नाही आणि भिंतीतून वीज येत असते तोवर बोर्डही अर्धा जागाच असतो. अडकून बसलेली साउंडची चिप या झटक्याने शुद्धीवर आलेली मी पाहिलीय.

एवढं करूनही आवाज नसेल, तर दोष विंडोजचा की लोखंडाचा याचा निकाल लावायला पेनड्राइव्ह घ्या. आठ जीबीचा पुरतो. भाच्याला सांगा, त्यावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) रुफस नावाच्या प्रोग्रामने चढव. डेलला सुरू होताना एफ १२ दाबून पेनड्राइव्ह निवडा. मिंट काहीही न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालतं, तुमच्या विंडोजला हात लागत नाही. साउंडच्या सेटिंगमध्ये स्पीकर निवडा आणि टेस्ट दाबा. इथे आवाज आला तर मशीन निर्दोष आहे आणि विंडोजमध्येच काहीतरी राहिलंय. इथेही आला नाही, बायोसमध्ये ऑडिओ चालू आहे आणि स्पीकर मोबाइलवर वाजतोय, तर मात्र दोष कॅबिनेटच्या आत आहे असं मानायला हरकत नाही. दुकानदाराशी बोलताना हे एक वाक्य पुरतं: ‘लिनक्सवर पण आवाज नाही.’ मग तो ड्रायव्हरचं नाव काढत नाही.

फक्त पुढचीच भोकं मुकी असतील आणि मागचं हिरवं वाजत असेल, तर पुढच्या पॅनेलपासून बोर्डापर्यंत येणारी वायर सुटलेली असते. रॅम वाढवताना कुणाचा तरी हात लागून ती निघते. असेंबल केलेल्या मशिनमध्ये ही वायर नऊ पिनांच्या कनेक्टरवर बसते, एका पिनेची जागा मुद्दाम रिकामी असते म्हणजे ती उलटी लागू नये. शेजारीच तसाच दिसणारा यूएसबीचा कनेक्टर असतो, त्यात रिकामी जागा वेगळ्या ठिकाणी असते. जोर लावून बसवायची वेळ आली तर जागा चुकलीय असं समजा.

आणि बोर्डावरची साउंडची चिप खरंच गेली असेल तरी बोर्ड बदलायचा नाही. यूएसबी साउंड कार्ड म्हणून अंगठ्याएवढी वस्तू मिळते, दोन-तीनशे रुपयांत साधी येते. एक भोक स्पीकरचं, एक माइकचं. ती खोचली की विंडोज स्वतःच ओळखतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग प्लेबॅकच्या यादीत जाऊन तिला डिफॉल्ट करायची. ती मागच्या यूएसबीत लावा, पुढे लावली की मुलाच्या कोपराने महिन्याभरात वाकते. दुकानदाराने टेस्टिंगची मुदत दिली असेल आणि ती संपलेली नसेल, तर ही वस्तू त्याच्याकडूनच फुकट मागून घ्या. मशीन परत घेण्यापेक्षा त्याला ते परवडतं, सहसा कुरकुर करत देतो.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. चौथ्या जनरेशनचं मशीन मायक्रोसॉफ्टच्या नियमाने विंडोज ११ मध्ये बसत नाही, इंटेलमध्ये तिथे आठवी जनरेशन लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. भाच्याने ११ आडमार्गाने चढवलं असेल तर डेलने या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर जुन्या विंडोजचा असेल. तो बहुतेक वेळा चालतो, अडला तर वर सांगितलेला मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर आहेच. या मशीनवर बँकेचे व्यवहार मात्र करू नका.

आधी मॉनिटरची केबल बघा आणि स्पीकर जोडून हिरवी पट्टी कुठे नाचते ते बघा. तेवढ्याने नाही सुटलं तर पट्टी कुठल्या नावापुढे आहे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये काय नावं दिसतात आणि बायोस पासवर्ड मागतोय का, हे तिन्ही लिहा. दोन्ही पडद्यांचा मोबाइलवर फोटो काढून पाठवलात तरी चालेल.